सह्याद्रीतले हिवाळी पाहुणे एप्रिल-मेमध्ये हिमालयाच्या रस्त्यावर कसे बघावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेली सहा-सात वर्षं तुम्ही दोघं नवरा-बायको हिवाळ्यात सह्याद्रीत पक्षी बघता. यंदा एप्रिलच्या शेवटी आठ दिवस उत्तराखंडात गढवालला जाताय, परतलेले स्थलांतरित पक्षी बघायचेत. सहा ठिकाणांची यादी केली आहे, दर दिवशी जवळपास नवीन मुक्काम. त्यातलं काय ठेवावं, काय गाळावं, आणि रस्त्यावर नेमकं कुठे थांबावं, असं तुम्ही विचारलंय.

ती यादी बाजूला ठेवा. एकच रस्ता धरा आणि आठही दिवस त्याच्यावर काढा. माझं मत विचाराल तर ऊखीमठहून चोपता आणि तिथून खाली मंडल, गोपेश्वरकडे जाणारा रस्ता. मी अनेक वसंत याच रस्त्यावर घालवलेत आणि अजून तो संपलेला नाही.

एकच रस्ता का, ते सांगतो. डोंगरात हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. ऊखीमठ सुमारे १,३०० मीटरवर आहे, चोपता २,७०० च्या आसपास. मधलं अंतर गाडीने तासा-दीड तासाचं, पण हवेत फरक आठ-नऊ अंशांचा. म्हणजे एकाच दिवशी खाली उन्हाळा लागलेला असतो, मध्ये भर वसंत असतो आणि चोपत्याच्याही वर, तुंगनाथ देवळाच्या वाटेवर कडेला अजून बर्फ पडलेला असतो. वसंत हा रस्ता पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जातो आणि पाखरं त्याच्या मागोमाग चढतात. पोचायला दोन आठवडे उशीर झाला असेल तर वर जायचं, लवकर आला असाल तर खाली उतरायचं. सहा वेगवेगळ्या ठिकाणी धावलात तर सहा ठिकाणचा एकच तुकडा बघाल; इथे तोच वसंत तुम्हाला चार-पाच टप्प्यांवर एकाच वेळी बघता येतो.

दुसरं कारण जास्त मनातलं आहे. आंबोलीला, महाबळेश्वरला, भीमाशंकरला हिवाळ्यात जे पक्षी आपण बघतो, त्यातले कितीतरी इथे वीण करायला येतात. बाळंतपणाला लेक माहेरी जावी तसे ते जातात. आपण त्यांना ओळखतो ते सासरच्या वागण्यावरून: गप्प, एकटे, झाडोऱ्यात लपलेले. माहेरी ते निराळेच असतात.

निळ्या डोक्याचा कस्तूर घ्या, ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश. डिसेंबरात आपल्या रानात तो सावलीत पाचोळ्यावर उतरतो, किडा उचलतो, आडव्या फांदीवर जाऊन पुतळ्यासारखा बसतो. रंगही थोडे मातकट वाटतात, कारण नव्या पिसांना फिकट तपकिरी कडा असतात आणि खालचा निळा त्यांच्याआड झाकलेला असतो. हिवाळाभर त्या कडा झिजत जातात. नवीन पिसं न घेता, नुसत्या झिजेने तो उजळतो. एप्रिलच्या शेवटी मंडलच्या बाजूला चिडाच्या (पाइनच्या) उघड्या उतारावर तोच पक्षी शेंड्यावर बसून गात असतो. डोकं झगझगीत निळं, पोट आणि पाठीचा खालचा भाग विटकरी, पंखावर पांढरा ठिपका, आणि आवाज दरीच्या पलीकडे जाईल असा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दुर्बीण लावली, पक्षी ओळखला आणि तरी दोन मिनिटं विश्वास बसेना, कारण तोपर्यंत दहा हिवाळ्यांत मी त्याच्या तोंडून गाणं म्हणावं असं काही ऐकलंच नव्हतं.

असंच नीलांगचं, व्हर्डिटर फ्लायकॅचरचं. असंच करड्या परीटाचं: आपल्या ओढ्यांवर पावसाळा संपता संपता येणारा, शेपूट सतत खालीवर करणारा. इथे नराचा गळा काळा झालेला असतो आणि तो नुसता झऱ्याच्या दगडावरून नाही तर हवेत उडूनही गातो. इंडियन ब्लू रॉबिन तुम्ही सह्याद्रीत फार तर ‘टक्-टक्’ एवढं ऐकून सोडून दिला असेल. इथे तो बांबूच्या आणि ओकच्या झुडपातून तीन-चार लांब शिट्ट्या देतो आणि लगेच सुरांची एक चुरचुरीत गुंतवळ सोडतो. दिसायला अजूनही महाकठीण, पण आता तुम्हाला तो कुठे आहे ते तरी कळतं.

आता रस्त्याबद्दल. डोंगरी रस्त्याचा खरा फायदा फार कमी लोक वापरतात. रस्ता उताराला कोरून काढलेला असतो, म्हणून दरीकडच्या बाजूची झाडं खालून उगवून त्यांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. जंगलात पर्णवटवट्या (लीफ वॉर्ब्लर) बघताना मान मोडते, पोटाखालचा पांढुरका रंग सोडून काही दिसत नाही. इथे कठड्याशी उभं राहिलात की तोच पक्षी समोर, आणि डोक्यावरचा पट्टा, पंखावरची रेघ वरून दिसते. या लहान हिरव्या पाखरांना ओळखायला हव्या त्या खुणा बहुतेक वरच्या अंगालाच असतात. म्हणून दरीची बाजू झाडमाथ्यावरच्या पक्ष्यांसाठी आणि डोंगराची बाजू, म्हणजे तो खणलेला, ओलसर, मुळं बाहेर आलेला काठ, जमिनीजवळच्या पक्ष्यांसाठी. चालताना एकाने एक बाजू घ्यावी, दुसऱ्याने दुसरी. तुम्ही दोघं आहात, ही मोठी सोय आहे.

थांबायच्या जागा तीन प्रकारच्या. पहिली मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल. जिथे ओढ्याची घळ रस्त्याखालून जाते तिथे पाणी असतं, ओलावा असतो, किडे असतात, आणि झाडी थोडी उघडी झालेली असते. दुसरी जागा म्हणजे आत वळणारं वळण, जिथे रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. वारा तिथे पोचत नाही. बाहेर आलेल्या, नाकासारख्या वळणांवर वारा असतो, तिथे आभाळ बघायचं. तिसरी जागा विजेची तार. नीलांग, गप्पीदास (स्टोनचॅट), कस्तूर आणि कोतवाल तारेवर बसतात आणि तिथून किड्यावर झेप घेतात. गाडीतून जाताना तारेवर बसलेला प्रत्येक पक्षी बघायची सवय लावून घ्या.

मोरीवर किती वेळ बसावं, हे मी एका मे महिन्यात शिकलो. मंडलच्या वरच्या अंगाला एक जुनी दगडी मोरी आहे, तिच्या कठड्यावर मी डबा खायला बसलो होतो. समोर तारेवर नीलांगचा नर गात होता. थोड्या वेळाने मादी आली, चोचीत शेवाळाची हिरवी गुंडी. ती तारेवर बसली, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि बसूनच राहिली. मी कठड्यावरून उठून रस्त्याच्या पलीकडे पंधरा-वीस पावलं गेलो आणि झाडाला टेकलो. तेव्हा ती सरळ माझ्या मघाच्या बसायच्या जागेखाली, दोन दगडांच्या फटीत शिरली. मी तिच्या घराच्या छपरावर बसलो होतो. पुढचा पाऊण तास ती दर तीन-चार मिनिटांनी येत राहिली. ट्रक आला की चोचीतलं शेवाळ तसंच धरून तारेवर थांबायची; आवाज वळणापलीकडे गेला की आत. त्या दिवसापासून मी मोरीच्या कठड्यावर बसत नाही. आधी दहा मिनिटं लांबून बघतो, कोणी चोचीत काही घेऊन घुटमळतंय का.

वेळेचं गणित आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे. एप्रिलअखेर तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि गाणी त्याच्याही अर्धा तास आधी सुरू होतात. पण उगवला म्हणजे ऊन पोचलं असं नाही. समोरच्या डोंगरधारेमुळे काही उतारांवर आठ वाजेपर्यंत ऊन येत नाही. ऊन जिथे आधी पडतं तिथे किडे आधी हलतात आणि माशीमार, पर्णवटवट्या तिथेच गोळा होतात. पहिल्या सकाळी नुसतं हेच टिपून ठेवा: कुठल्या वळणावर किती वाजता ऊन पडलं. दुसऱ्या दिवशीपासून उन्हाच्या कडेबरोबर चालायचं. पहाटेचा अंधार आणि पहिला उजेड कुकू आणि कस्तुरांसाठी, पहिलं ऊन लहान पाखरांसाठी, दहानंतर आभाळ. गाडीवाल्याला सांगा की आम्हाला इथे सोड आणि चार किलोमीटर खाली जाऊन थांब. चढ चढताना श्वासाच्या आवाजात पक्षी ऐकू येत नाहीत, म्हणून खाली उतरत चालायचं. चार किलोमीटरला चार तास लागले तर बरोबर लागले. याच दिवसांत तुंगनाथचे आणि केदारनाथचे दरवाजे उघडण्याची वेळ असते, त्यामुळे नऊनंतर गाड्या वाढतात. वळणावर थांबलात तरी रस्त्याच्या आतल्या कडेला उभं राहू नका; मागून येणाऱ्या चालकाला तुम्ही दिसत नाही, आणि दुर्बिणीला डोळे लावलेल्या माणसाला गाडी ऐकू येत नाही.

टप्प्यांचा अंदाज देतो, पण तो दगडावरची रेघ समजू नका. दीड हजार मीटरच्या आसपास, ओढ्याकाठच्या झाडीत स्वर्गीय नर्तक. लांब पांढऱ्या फिती घेऊन हिंडणारा नर इथे घरट्याच्या गडबडीत असतो. त्याच्या थोडं वर चिडाच्या उतारांवर निळ्या डोक्याचा कस्तूर. दोन हजारांच्या पुढे बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) सुरू झाले की अल्ट्रामरीन फ्लायकॅचर. हा माझा सगळ्यात लाडका. वरून गडद निळा, खालून शुभ्र पांढरा, आणि छातीच्या दोन्ही बाजूंनी निळा रंग असा आत आलेला की उघड्या कोटासारखा दिसतो. हिवाळ्यात आपल्या पानगळीच्या रानात तो तुरळक दिसतो, इथे मात्र दर दोन-तीन वळणांवर एक जोडी. सुक्या फांदीवर, मध्यम उंचीवर बघा. गाणं अगदी बारीक, सहज निसटणारं. त्याच पट्ट्यात रस्टी-टेल्ड फ्लायकॅचर, मातकट रंगाचा, शेपूट तेवढी तांबूस. हाही हिवाळ्यात पश्चिम घाटात असतो आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. खरसूच्या, म्हणजे उंचावरच्या ओकच्या जंगलात, चोपत्याच्या आसपास, पर्णवटवट्यांचं राज्य.

पर्णवटवट्यांना घाबरू नका. आपल्याकडे हिवाळ्यात त्या नुसत्या हाका देतात, आणि हाकेवरून ओळखणं खरंच अवघड. इथे प्रत्येकाचं गाणं आहे. वेस्टर्न क्राउन्ड वॉर्ब्लर सह्याद्रीत झाडमाथ्यावर ‘चि-वी, चि-वी’ करत असतो. इथे तो मोठ्याने, न थकता गातो. ह्यूम्स लीफ वॉर्ब्लरचं गाणं म्हणजे लांबलचक, नाकातून काढलेला ‘झ्झीऽऽऽ’. एकदा ऐकलं की कायमचं बसतं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यावरून या पक्ष्याचं नाव पडलंय, १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच ह्यूम.

आणि ग्रीनिश वॉर्ब्लर. तुमच्या घरामागच्या आंब्यावरही हिवाळ्यात तो असेल. त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिबेटच्या पठाराभोवती हा पक्षी कड्यासारखा पसरलाय. हिमालयातून एक शाखा पश्चिमेकडून आणि दुसरी पूर्वेकडून उत्तरेला जाते, आणि दर टप्प्यावर गाणं थोडं थोडं बदलत जातं. मध्य सायबेरियात दोन्ही टोकं भेटतात, तेव्हा तिथले पक्षी एकमेकांचं गाणं आपलं मानत नाहीत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे पुढे आणलं आणि एका जातीच्या दोन जाती कशा होतात याचं ते आवडतं उदाहरण बनलं. नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी दाखवलं की हे कडं पूर्वी मध्ये मध्ये तुटलेलंही होतं, म्हणजे चित्र सुरुवातीला वाटलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. चोपत्याला खरसूच्या शेंड्यावर तो गाताना ऐकाल तेव्हा त्या साखळीचा दक्षिणेकडचा एक दुवा तुमच्या समोर असतो.

कुकूंचं ओळखणं पूर्ण कानाचं काम. तीन-चार जाती जवळपास सारख्याच दिसतात, राखाडी, पोटावर पट्टे. डोळ्यांवर विसंबलात तर फसाल. ‘कुक्-कू’ दोन सुरांचा तो कॉमन कुकू. खोल, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखे ‘हुप… हुप-हुप-हुप’ म्हणजे हिमालयन कुकू; हा पर्णवटवट्यांच्या घरट्यांत अंडी घालतो, म्हणून त्यांच्या मागोमाग इथे येतो. चार सुरांचा इंडियन कुकू. तिथली माणसं त्या सुरांत ‘काफल पाक्को’ ऐकतात, काफळाची फळं पिकली असा निरोप. आपण पावशाच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ ऐकतो, तसंच ते. पावशाचा थोरला भाऊ लार्ज हॉक-कुकू इथे आहेच, सूर ओळखीचा वाटेल, पण जरा घोगरा आणि सावकाश. जोरजोरात भांडल्यासारखा सहा सुरांचा गोंगाट ऐकू आला तर लेसर कुकू. तो हिवाळ्यात आफ्रिकेच्या पूर्व भागापर्यंत जातो. मोबाईलवरचं मर्लिन ॲप आवाज ओळखायला मदत करतं, पण झऱ्याचा आवाज असला की चुकतं. त्याने नाव सुचवलं की पक्षी शोधा. सुचवलं म्हणून नोंदवू नका.

दुपारचं हवामान हा या दिवसांतला मोठा भाग आहे. एकच्या पुढे ढग जमतात, कधी गारपीट होते. लोक गाडीत शिरून मुक्कामावर जातात. तुम्ही जाऊ नका. गाडीतच बसा, काचा थोड्या उघड्या ठेवा आणि थांबा. एकदा चोपत्याच्या खाली गारांनी रस्ता पांढरा झाला, अर्धा तास काही दिसेना. गारा थांबल्यावर ज्या आतल्या वळणावर मी होतो तिथल्या एका अक्रोडाच्या झाडावर अल्ट्रामरीनचे दोन नर, वेस्टर्न क्राउन्ड, ह्यूम्स, निखारांची (मिनिवेटची) जोडी आणि तीन रामगंगा (टिट), सगळे एकाच झाडावर, ओली पिसं फुलवून, अंग झटकत. वर धारेवर थंडी वाढली की लहान पाखरं तात्पुरती खाली आणि आडोशाला सरकतात. गारपिटीनंतरचा तास या रस्त्यावर सकाळइतकाच मोलाचा असतो.

शिकारी पक्ष्यांची तुम्ही चौकशी केली होती. स्टेपी गरुड वसंतात हिमालयाच्या दक्षिण कडेने पूर्वेकडे सरकतात आणि शरदात उलट. धरमशाळेजवळ २००१ चा शरद आणि २००२ चा वसंत, अशी त्यांची मोजणीही झालीय. पण मुख्य ओघ मार्चमध्येच जातो. एप्रिलअखेर मागे राहिलेले एखाद-दोन दिसतील, ग्रिफन गिधाडं मात्र भरपूर. त्यासाठी वेगळा दिवस ठेवू नका.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, कोणी सोबतचा वाजवत असेल तर त्याला थांबवा. हिवाळ्यात ते त्रासदायक असतं, विणीच्या हंगामात ते त्याहून वाईट. मी एका गटाला छोट्या स्पीकरवर ब्लू रॉबिनचं गाणं लावताना पाहिलंय. नर बाहेर आला, फोटो छान मिळाले असतील. पण त्याच्या चोचीत दोन अळ्या होत्या. पिल्लांसाठी आणलेल्या. तो त्या तशाच धरून स्पीकरभोवती वीसेक मिनिटं फिरत राहिला, परक्या नराला हुसकावायला, आणि एकदाही घरट्याकडे गेला नाही. मी बोललो, वाद झाला, ते निघून गेले. मला अजून वाटतं की मी आधीच बोलायला हवं होतं. चोचीत अन्न किंवा शेवाळ घेतलेला पक्षी एका जागी बसून हाका देत असेल तर त्याचा अर्थ तुम्ही घरट्याच्या जवळ आहात. मागे सरा. घरट्याचे फोटो घेऊ नका, जागा कुणाला पाठवू नका. रस्त्याच्या काठातली घरटी तशीही माणसांना, मांजरांना, कावळ्यांना सहज सापडतात. फांद्या बाजूला केल्यात की त्यांचं काम तुम्हीच सोपं करता.

सामानाबद्दल फार विचार नको. ८×४२ दुर्बीण पुरते. मोठी लेन्स असेल तर ती एकानेच न्यावी, दुसऱ्याने नुसतं बघावं. दोघं कॅमेऱ्यात डोकं घालून बसलात तर आवाज करत आलेले निम्मे पक्षी कळणारही नाहीत. पहाटेसाठी गरम टोपी आणि हातमोजे लागतील, एप्रिलअखेर असला तरी.

आठ दिवसांची विभागणी मी अशी करेन: पहिले तीन मंडलच्या बाजूला, खालच्या टप्प्यावर. मग तीन चोपत्याजवळ, त्यातली एक सकाळ तुंगनाथच्या वाटेवर. मोनाल हा रंगीत रानकोंबडा बघाल, तो स्थलांतरित नसला तरी, आणि कुरणावर रोझी पिपिट हा छोटा पक्षी. शेवटचे दोन पुन्हा मंडल. त्या सहा दिवसांत खालचा वसंत पुढे सरकलेला असेल. पहिल्या दिवशी गाणारा कस्तूर आता गप्प आणि कामात असेल, ज्या तारेवर एक नीलांग होता तिथे दोन असतील. तीच चार किलोमीटर, तीच वळणं, तीच वेळ ठेवा, म्हणजे दोन नोंदी शेजारी ठेवता येतील.

आणि निघायच्या आधी एक काम करा. तुमच्या नेहमीच्या सह्याद्रीतल्या जागी आत्ता, मार्च-एप्रिलमध्ये, दर रविवारी जा आणि निळ्या डोक्याचा कस्तूर, नीलांग आणि वेस्टर्न क्राउन्ड शेवटचे कोणत्या तारखेला दिसले ते लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर आणखी चांगलं. शेवटचा दिसला ही नोंद फार कमी लोक ठेवतात, कारण त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी न दिसलेल्या रविवारीही जाऊन ‘नाही’ असं लिहावं लागतं. मंडलला पहिला गाणारा कस्तूर दिसला की त्याची तारीख त्याच पानावर खाली लिहा.